भुयारी मार्गातली नन्नाबाई

“मॅडम, इथून पुढे उलटं चालायचं.”

निळा कोट, खिशावर बिल्ला, गळ्यात शिट्टी. भुयारी मार्गाच्या तोंडाशी तो इतका गंभीर चेहरा करून उभा होता की तिने कारणसुद्धा विचारलं नाही. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, दुकान उघडायला आधीच उशीर झालेला... आणि ही बया मुकाट्याने वळली आणि पाठमोरी चालायला लागली! मधल्या बाकापर्यंत जायचं होतं. वाटेत एका खांबावर आपटली, त्या खांबाला “सॉरी” म्हणाली, आणि बाकापाशी पोचल्यावर वर त्या माणसाकडे बघून हसलीही. आपण सगळं नीट केलं ना, अशा नजरेने. मग घड्याळ बघितलं आणि जी सुटली ती थेट दुकानात.

दुकान चष्म्यांचं होतं, दोघी बहिणींचं. ताई बाहेर काउंटरवर फ्रेमा विकायची आणि ही आतल्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासायची. पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, ही म्हणाली, “वरची ओळ वाचा,” आणि त्याने निमूट वाचली. तेव्हा कुठे हिच्या डोक्यात उजेड पडला. उलटं का चालायचं होतं? जमीन ओली नव्हती, काम चालू नव्हतं, काहीसुद्धा नव्हतं!

ताईला सांगितलं तर ती काउंटर धरून हसत सुटली. “खांबाला सॉरी? अगं, निदान खांबाचा नंबर तरी काढून द्यायचास!”

मग काय, हिच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती तरातरा भुयारी मार्गात गेली. तो बाकावर बसून सफरचंद खात होता. कोट काढून शेजारी घडी करून ठेवला होता, आणि कोटाशिवाय तो अगदीच साधा, जरासा विस्कटलेला मुलगा दिसत होता.

“उलटं का चालायला लावलंत मला?”

तो ताडकन उठला. “तुम्ही... परत आलात?”

“मग? मला कारण हवंय.”

“सकाळी हवं नव्हतं?”

ती लाल झाली. त्याने घाईघाईने सफरचंद खिशात कोंबलं. “चिडू नका ना. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे. माणसं अधिकाऱ्याचं का ऐकतात, यावर माझा प्रबंध आहे. पलीकडच्या टोकाला माझा मित्र उभा असतो, तो सगळ्यांना थांबवून खरं काय ते सांगतो. तुम्ही त्याच्या हाताखालून निसटलात.”

“म्हणजे तुम्ही कुणी अधिकारी नाही?”

“छे हो! कोट शिवून घेतलाय. बिल्ला वाचलात का?”

तिने वाकून वाचला. बिल्ल्यावर लिहिलं होतं : ‘पाणी भरपूर प्या.’ दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारी बाई, आणि तिने हे वाचलं नव्हतं! तिला रडू यावं की हसू, कळेना. शेवटी हसू आलं. आणि ती हसली तसा तोही हसला, आणि त्याच्या उजव्या गालाला एक खळी पडली ती तिच्या नको तितकी लक्षात राहिली.

“एक दिवस कोट घालून सांगतो, एक दिवस कोट न घालता,” तो सांगू लागला. “शब्द तेच. कोट नसला की लोक मला वेडा समजून पुढे जातात. कोट असला की... बहुतेक सगळे उलटे.”

“एकही माणूस नाही म्हणाला नाही?”

“एक!” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला म्हणता! “एकच बाई. मी सांगितलं, तिने माझ्याकडे नुसतं बघितलं, ‘का?’ म्हणाली आणि सरळ चालत गेली. मित्रासाठीही थांबली नाही. काय बाई होती! आम्ही तिचं नाव नन्नाबाई ठेवलंय.”

इतरांच्या बाबतीत आधी प्रेम होतं आणि मग मत्सर. हिचा सगळा कारभारच न्यारा. त्या क्षणी तिचं त्या मुलावर प्रेम वगैरे काही नव्हतं, पण त्या नन्नाबाईचा मात्र तिला जो राग आला, तो थेट नाकाला मिरची झोंबल्यासारखा.

चार दिवसांनी तो दुकानात आला. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता म्हणे. ताईने चष्मा हातात घेतला, स्क्रू बघितला. मग त्याच्याकडे बघितलं. स्क्रू चांगला घट्ट होता.

“आतमध्ये जा,” ताई गोड आवाजात म्हणाली. “डोळेच तपासून घ्या एकदा.”

आत अंधार. यंत्रावरचा बारीकसा दिवा, आणि त्याच्या शर्टाला येणारा साबणाचा वास.

“हनुवटी इथे टेका. कपाळ पुढे... अजून पुढे. हलू नका.”

“नाही हलत.”

“माझ्याकडे नाही, दिव्याकडे बघा.”

“दिवा तुमच्या मागेच आहे... माझा काय दोष?”

तिने त्याच्या डोळ्यात बघितलं, कामच होतं ते तिचं. पण इतक्या जवळून इतक्यांचे डोळे बघूनही तिला असं कधी झालं नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. अंधार आहे म्हणून बरं, तिला वाटलं.

“हे स्पष्ट दिसतं, की हे?” तिने भिंगं बदलली.

“तुम्ही म्हणाल ते.”

“असं नाही चालत. तुम्हाला काय दिसतं ते सांगायचं.”

“बघा, तुम्हीच सांगताय ना, होयबा होऊ नका म्हणून!” तो हसला. “बाकी खांबाला सॉरी म्हणणारी होयबा मी पहिल्यांदाच बघितली.”

झालं. तेव्हापासून ती होयबा आणि तो साहेब. आणि हे सगळं इतकं छान चाललं असताना, हनुवटी अजून टेकलेलीच, तो म्हणाला, “अहो, तुमच्याकडे खूप लोक येतात ना? नन्नाबाईला चष्मा होता. काळी चौकोनी फ्रेम, आणि दांडीवर एक लाल ठिपका. अशी कुणी येते का?”

तिचा हात थांबला. काळी चौकोनी फ्रेम, दांडीवर लाल ठिपका... ती फ्रेम तिनेच निवडून दिली होती! ती बाई मागच्या गल्लीतल्या वाचनालयात काम करायची. उंच, शांत, मान अशी ताठ, आणि दिसायला सुंदर. सुंदर, हेच तर दुखणं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “अशी कुणी येत नाही.”

तिने त्याला दिलेला हा पहिलावहिला नकार. आणि तोही चक्क खोटा.

पुढे तो रोज यायला लागला. कधी चष्म्याची पेटी हवी, कधी पुसायचं फडकं. दुकान बंद केल्यावर दोघं कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसायची. खिडकीबाहेर भुरभुर पाऊस, टेबलावर दोन कप, आणि मधे त्याचा हात असा ठेवलेला की चुकून लागला तर लागावा. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

पण त्या टेबलावर तिसरीही असायची. नन्नाबाई!

“तिचा खांदासुद्धा हलला नाही गं. इतकी सहज म्हणाली, ‘का?’... हे बळ कुठून येतं माणसात?”

“मला काय माहीत?” ती चमचा ढवळत राहायची. साखर केव्हाच विरघळलेली असायची.

“सगळे ऐकतात त्यात नवल नाही. तिने का ऐकलं नाही, ते कळलं तर माझा सगळा प्रबंध उभा राहतो. मार्गदर्शक मॅडम रोज विचारतात. एकच नकार मिळाला, आणि ती बाईच गायब! महिनाअखेरीपर्यंत तिची मुलाखत नाही झाली तर म्हणाल्यात, विषय बदला.”

“मग बदल.”

“अगं, दोन वर्षं घालवलीत मी!”

आता माणसाने इथे तरी खरं बोलावं की नाही? जीभ अगदी टोकापर्यंत यायची. आणि मग तो म्हणायचा, “तिचे डोळे काय होते! माझ्या आरपार बघत होती,” आणि हिचं तोंड शिवल्यासारखं बंद व्हायचं. तुझे डोळे मी रोज तपासते, माझे डोळे कधी बघितलेस का रे? हे मनात. वर मात्र, “चहा गार होतोय.”

तो रोज संध्याकाळी भुयारी मार्गात जाऊन तिची वाट बघू लागला. वारा नुसता बोचायचा तिथे. सर्दी झाली, खोकला झाला, तरी जायचा. ही थर्मासमध्ये कॉफी घेऊन जायची, त्याच्या शेजारी बाकावर बसायची, आणि समोरून लाल ठिपका येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बघत राहायची. तो शिंकला की हिच्या काळजात चर्र व्हायचं. आणि येणाऱ्या प्रत्येक बाईकडे त्याने मान उंचावून बघितलं की ते चर्र लगेच जळफळाटात बदलायचं.

शेवटी तिने ठरवलं. नन्नाबाई आवडते काय? मग होऊन दाखवते नन्नाबाई!

“होयबा, सिनेमाला येतेस?”

“का?”

तो गोंधळला. “का म्हणजे... सहज.”

“नाही.”

“बरं. मग नदीकाठी जाऊ?”

“नाही.”

“चहा तरी...”

“का?” असं म्हणून तिने मान ताठ केली, डोळे त्याच्या आरपार केले, आणि तिला वाटलं, आता याचा चेहरा उजळणार. चेहरा कसला उजळतोय! एवढासा झाला. तो हातातल्या चष्म्याच्या पेटीची उघडझाप करत राहिला, मग “बरं” म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला, पुन्हा तोच नन्नाचा पाढा ऐकला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही. चौथ्याही दिवशी नाही.

“अक्कल गहाण टाकलीस का गं?” ताई फ्रेमा पुसता पुसता कडाडली. “चांगला मुलगा खोकत खोकत यायचा, त्याला हाकलून दिलंस.”

“त्याला ती नाही म्हणणारी आवडते ना!”

“कोण ती?”

मग मात्र हिला राहवलं नाही. ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळं ओकली. खोटं बोलले ते, जळतेय ते, आणि त्याचा प्रबंध माझ्यामुळे बुडणार आहे तेही. ताईने सगळं ऐकून घेतलं, फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, “त्या बाईचा नवा चष्मा तयार आहे. आज न्यायला येणार आहे ती. आता तुझं तू बघ.”

आणि आली की ती! उंच, शांत, मान ताठ. हिने तिच्या नाकावर नवा चष्मा चढवला. “डावीकडे बघा.” तिने बघितलं. “आता उजवीकडे.” तिने बघितलं. माझं बरं ऐकते ही निमूट, हिच्या मनात आलं. सांगू नये, असं अजून एकदा प्रकर्षाने वाटलं. सांगितलं की तो तिच्यासमोर बसणार, तोच उजळलेला चेहरा करून, आणि आपण बघत बसायचं. पण मग त्या वाऱ्यात शिंकणारा तो आठवला. महिनाअखेर चार दिवसांवर आली होती.

“एक विनंती होती,” ती एका दमात म्हणाली. “एक मुलगा तुम्हाला शोधतोय. भुयारी मार्गातला. त्याच्या अभ्यासासाठी तुमच्याशी बोलायचंय त्याला. उद्या दुपारी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात याल?”

“येईन की,” नन्नाबाई म्हणाली. का, असं विचारलंसुद्धा नाही.

त्याला तिने फोन केला. “तुझी नन्नाबाई सापडली,” एवढंच म्हणाली आणि पलीकडून तो आनंदाने ओरडला तेव्हा फोन कानापासून लांब धरला.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. इस्त्रीचा! आजवर हिच्यासाठी कधी इस्त्री केली होती? ती कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसली. त्याने रेकॉर्डर टेबलावर ठेवला, घसा साफ केला.

“त्या दिवशी मी तुम्हाला उलटं चालायला सांगितलं. तुम्ही नकार दिलात. त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?”

“मनात?” नन्नाबाईने जरा विचार केला. “पडायला नको, हे होतं.”

“म्हणजे... परिणामांची जाणीव?”

“नाही हो. मला दिसतच नव्हतं! सकाळीच यांनी माझ्या डोळ्यांत औषध घातलं होतं,” तिने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “बाहुल्या मोठ्या करायचं. बाहेर आले तर सगळं पांढरंफटक, धूसर. पुढे कुणीतरी ठोकळा उभा होता आणि काहीतरी सांगत होता. एक तर सरळ चालायची मारामार, त्यात उलटं कुठे चालणार?”

रेकॉर्डर चालू होता.

“तुम्हाला कोट नाही दिसला?”

“कोट होता?”

“निळा. बिल्ला, शिट्टी...”

“अगंबाई! आधी सांगायचं ना. दिसला असता तर गेले असते की उलटी. उगीच नियम कशाला मोडायचा?” तिने चहा संपवला, घड्याळ बघितलं, दोघांचा निरोप घेतला आणि मान ताठ ठेवून वाचनालयात निघून गेली.

त्याने रेकॉर्डर बंद केला. मग हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. “मी तिला कोटवाल्यांत धरत होतो. तिला तर कोट दिसलाच नव्हता! म्हणजे कोट ज्यांना दिसला, त्यांच्यातलं कुणीच नाही म्हणालं नाही. एकजणसुद्धा नाही. मॅडमना हे सांगितलं तर त्या उडतील.” तो तिच्याकडे वळला. “आणि माझी एकुलती एक बंडखोर तू बनवलीस, दोन थेंब टाकून! पण तुला ती सापडली कशी?”

आता मात्र सुटका नव्हती. ती उठून त्याच्यासमोर येऊन बसली.

“सापडली नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं. तिची ती फ्रेम मीच निवडली होती.”

त्याचं हसू थांबलं. “पहिल्यापासून? मी त्या वाऱ्यात कुडकुडत होतो तेव्हाही?”

“हो.”

“तू शेजारी बसून कॉफी देत होतीस.”

“हो.” तिचे डोळे भरून आले, पण तिने ते खाली केले नाहीत. “जळत होते मी. तू तिच्याबद्दल बोललास की माझा जीव जायचा. तुझं काम बुडतंय हे दिसत होतं, तरी गप्प बसले. चुकलं माझं. रागाव हवं तर.”

तो रागावला. चांगला रागावला. रेकॉर्डर खिशात टाकला, उठला, दारापर्यंत गेला. तिला वाटलं, संपलं. मग तो दारातच उभा राहिला, बाहेरच्या पावसाकडे बघत, आणि पाठमोराच बोलला.

“मी तिच्याबद्दल का बोलायचो माहितेय? तुझ्याबद्दल बोलायची हिंमत होत नव्हती म्हणून. रोज ठरवून यायचो की आज विचारू... आणि मग भीती वाटायची. सगळ्यांना हो म्हणणारी मुलगी तू. मी विचारलं आणि तू नुसती सवयीने हो म्हणालीस तर? मला कधी कळलं असतं? मग तू नाही नाही करायला लागलीस, तेव्हा वाटलं, मिळालं उत्तर.”

वेडा. शहाणासुरता वेडा!

“मग विचारूच नकोस तू,” ती म्हणाली. “इकडे ये. ये म्हणते ना!” तो आला. “तू मला काहीही विचारलेलं नाहीस. तुझ्या अंगात कोट नाही. कुणी मला काही करायला सांगितलेलं नाही, ताईनेसुद्धा नाही. आणि मी माझी मी सांगतेय... माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू मला हवा आहेस. आता तू सांग.”

“हो!” तो म्हणाला. तिचं वाक्य संपायच्या आतच.

“असं नाही!” ती कळवळून म्हणाली. “मी दरडावलं म्हणून म्हणालास. नीट विचार कर आणि मग सांग. नाही म्हणालास तरी चालेल.”

तो खुर्चीत बसला आणि खरोखरच विचार करू लागला. हात टेबलावर, नजर खिडकीबाहेर. मधे एकदा जरासा स्वतःशीच हसला. पाऊस पडत राहिला. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून गेली, नवी येऊन बसली. तिला आधी बरं वाटलं, मग धाकधूक झाली, आणि मग हळूहळू पोटात ती ओळखीची जळजळ सुरू झाली. एवढा वेळ? कशाचा विचार करतोय हा एवढा वेळ? की कुणाचा?

शेवटी त्याने मान वळवली. हात पुढे करून तिची बोटं हातात घेतली, आणि या वेळी चुकून नाही.

“हो,” तो शांतपणे म्हणाला. “पूर्ण विचार करून. हो.”

तिने डोळे पुसले, हात काढून घेतला नाही, आणि मग तिला राहवेचना.

“पण मधे एकदा तू हसलास,” ती म्हणाली. “तेव्हा कोण आलं होतं रे मनात?”